मुळावरची उरलेली गाठ

कळंब्याच्या वाटेवर एक लहानशी प्रयोगशाळा आहे. तिथं नजीरा शिकलगार सत्तावीस वर्षं मातीतले जिवाणू वेगळे करत आली. भुईमुगाच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. बिद्रीजवळच्या केरबा या शेतकऱ्याचा भुईमूग युरियाशिवाय गर्द हिरवा होता. त्यातला जिवाणू मिळावा म्हणून तिनं मुळासकट एक वेल मागवला होता.

केरबा आला तो मुळं लखलखीत धुऊन.

"हापिसात चिखल कसा आणायचा, म्याडम? मालकिणीनं काथ्यानं घासून दिल्यात."

नजीरानं भिंगातून पाहिलं. घासण्यात गाठी गळून दोनच उरल्या होत्या.

"दुसरा वेल हाय का?"

"न्हाय की. शेंगा तोडल्या, पाला म्हशींनी खाल्ला. का, काय बिघडलं व्हय?"

"काही नाही. चहा घ्या." तिच्यानं खरं सांगवलं नाही.

पहिली गाठ तिनं जंतुनाशकात बुडवली, धुतली, चिरडली आणि जिवाणू वाढवायच्या, लाल रंग घातलेल्या प्लेटवर तिच्या रसाच्या रेघा तारेनं ओढल्या. दुसऱ्याच दिवशी प्लेट लाल ठिपक्यांनी भरली. तरुण शास्त्रज्ञ विश्वजित खूश झाले.

"आले की, नजीराताई."

"हे आपले नव्हेत, सर. भुईमुगाचे सावकाश येतात आणि रंग पीत नाहीत. घासून साल फाटली, बाहेरचे आत शिरले."

"मग दुसरी जास्त वेळ बुडवा."

"आतलेही मरतील."

दुसऱ्या गाठीवर एकच बारीक चरा होता. ती जंतुनाशकात टाकून नजीरा घड्याळाकडे बघत राहिली. नेहमीची तीन मिनिटं भरली. आणखी अर्धं गेल्यावर तिनं चिमट्यानं ती बाहेर काढली. बरोबर की चूक, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

ती चिरडून रेघा ओढलेल्या प्लेटवर तिसऱ्या दिवशी दोन लाल ठिपके दिसले. पाचव्या दिवशीही तेवढेच. विश्वजित डोकावून जायचे. सातव्या दिवशी कडेच्या रेघेवर मोहरीहून बारीक, पांढरे, ओलसर चार ठिपके उमटले.

तिनं एक सुटा ठिपका उचलून नव्या प्लेटवर पसरला, त्यातला पुन्हा एक, सगळे एकसारखे दिसेपर्यंत. मग बाकीचे जिवाणू मरावेत म्हणून भट्टीत तापवून निववलेल्या वाळूत भुईमूग लावून त्याला तो जिवाणू दिला. महिन्यानं रोप उपटलं. मुळांना गाठी धरल्या होत्या. एक चिरली, तर आतून गुलाबी, म्हणजे नत्र धरणारी.

तिनं केरबाला फोन लावला.

"गावला तुमचा जिवाणू. तो जपून ठेवलेल्या नळीवर शेताचं नाव लिहायचंय. काय म्हणता त्या तुकड्याला?"

केरबा जरा घुटमळला. "चिंचेचं टेकाण म्हणत्यात. पर आमच्या रानाचं नाव कशाला, म्याडम?"

नजीरानं तोवर लिहून टाकलं होतं.