चौथ्या टप्प्याचं गाऱ्हाणं

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा उर्वरित जगाला अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, या मजकुराचा लेखक, वय वर्षे बावन्न, राहणार मालवण, धंदा मंडप, खुर्च्या व लाऊडस्पीकर भाड्याने देणे, याने गेल्या वर्षी एक विमान चाकं बाहेर न काढता पोटावर उतरवलं. जीवितहानी नाही. विमानही नव्हतं, असं तुम्ही म्हणाल. ते आमच्या चौघांसमोर म्हणू नका.

विमान कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं होतं. बाकी सगळं खरं होतं. तास खरे, घाम खरा, आणि विमान धावपट्टीवर घसरत जाऊन थांबल्यावर कानातल्या हेडफोनमध्ये जी शांतता पसरली, ती तर फारच खरी.

आम्ही चौघं. आचऱ्याचे मास्तर, गणित शिकवून निवृत्त झालेले. जहाजावर इंजिनिअर म्हणून जन्म काढलेले आमचे ख्रिश्चन शेजारी, ज्यांना सगळं मालवण अंकल म्हणतं. देवबागला पर्यटकांसाठी खोल्या चालवणाऱ्या ताई. आणि मी. आपापल्या घरी बसायचं, इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायचं आणि खोटं विमान खऱ्या नियमांनी उडवायचं, हा आमचा छंद. वर्षातून एकदा पुण्याची काही छांदिष्ट मंडळी एक शर्यत भरवतात. चार टप्पे, चार वैमानिक, विमान एकच. एकाने उतरवलं की तिथून, टाकीत उरलेल्या तेवढ्याच इंधनावर, दुसऱ्याने उचलायचं. वेळेची मर्यादा असते. आणि शेवटचा उतरताना पडला, तर चौघांचंही उड्डाण बाद.

गेल्या वर्षी शेवटचा मी होतो.

नंतर मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. हेच भयंकर होतं. आमच्याकडे माणूस शिव्या देतो तोवर सगळं ठीक असतं. तो शिव्या द्यायचं थांबला की समजावं, मनातून उतरलो. ताई अजून माझ्या विनोदांना हसायच्या, पण हिशेबाने. अंकल भेटले की हवामानाविषयी बोलायचे. आणि मास्तर, जे तीस वर्षं मला 'अरे मेल्या' म्हणत आले, ते मला 'तुम्ही' म्हणायला लागले.

'तुम्ही बरे आहात ना?' भर बाजारात, मासळीच्या टोपल्यांसमोर त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी घरी येऊन जेवलो नाही.

यंदा पुन्हा शेवटचा टप्पा मलाच मिळाला. मी मागितला नव्हता. मास्तर म्हणाले, 'तुम्हीच घ्या.' अंकल 'येस, येस' म्हणाले. मी समजलो. ही माफी नव्हती, परीक्षा होती. यंदा पडलो असतो तर पुढच्या वर्षी मला चहा करायलाही कोणी बोलावलं नसतं.

चाकांचा प्रश्न कायमचा सुटावा म्हणून मास्तरांनी एक युक्ती काढली होती. उड्डाणाआधी आणि उतरण्याआधी तपासायच्या गोष्टींची यादी असते, पण ती मनातल्या मनात वाचली की माझ्यासारखा माणूस मधलं गाळतो. म्हणून यादीचं गाऱ्हाणं करायचं. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणी मोठ्याने म्हणतो आणि बाकीचे प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' असा जोरदार होकार देतात. आमच्यात ज्याच्या हाती विमान त्याने यादी म्हणायची, बाकी तिघांनी होकार द्यायचा. अंकल रोज सकाळी चर्चला जाणारे, पण सगळ्यांत मोठा होकार त्यांचा. 'आमेनपेक्षा ह्यात दम आसा,' असं त्यांचं मत.

शर्यत सकाळी सुरू झाली. अंकलनी सुरतेहून जुहूला विमान आणलं, तेही असं की कपातला चहा हिंदकळला नसता. मास्तरांनी ते जुहूहून कोल्हापूरला नेलं. कोल्हापूर ते रत्नागिरी हा टप्पा ताईंचा. घाटावर ढग दाटलेले, आणि पुण्याच्या पंचांनी वारा असा लावून ठेवलेला की विमान सुपातल्या तांदळासारखं उडत होतं. ताईंच्या मागून त्यांच्या पाहुण्यांपैकी कोणीतरी 'सोलकढी मिळेल का?' असं विचारत होतं. ताईंनी ढगांतून खाली रत्नागिरीची धावपट्टी शोधली, विमान टेकवलं आणि मग माइक बंद न करताच म्हणाल्या, 'मिळतली, बसा.'

मग मला सांगितलं, 'दादानू, डावी टाकी सरत इली हा. उजवी भरलेली आसा. विजयदुर्ग दिसलो की उजवीर घेवा.'

पंखांत दोन टाक्या असतात आणि कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं हे ठरवणारं एक बटण असतं, ते माउसने फिरवावं लागतं. एवढंच काम. मी मनात तीनदा घोकलं. चुकलो असतो तर ताईंचा घाटातला तो तासही बुडाला असता.

माझी विमानाची खोली म्हणजे गोदामाचा कोपरा. एका बाजूला गुंडाळलेल्या कनाती, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे उंच गठ्ठे, मध्ये टेबल. त्या दिवशी माझ्या तळहातांना इतका घाम येत होता की मी विमान चालवण्याच्या दांडीला रुमाल गुंडाळला. आणि धीर यावा म्हणून हेडफोनचा बारीक माइक काढून माझा धंद्याचा माइक जोडला. लग्नात नवरदेवाचा काका ज्यावर तासभर बोलतो, तो. हातात धरला की मी वेगळाच माणूस होतो.

रत्नागिरीहून उडालो. समुद्र उजवीकडे, किनारा डावीकडे. नकाशाचं यंत्र वापरायला बंदी, डोळ्यांनी ओळखत यायचं. पाच-तीसच्या आत चिपीच्या विमानतळावर उतरायचं. विजयदुर्ग दिसला आणि मी मधल्या तपासणीचं गाऱ्हाणं सुरू केलं. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात माइक.

'बा देवा म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

'ही चार लेकरां सुरतेसून इली, त्यांका तू सांभाळून आणलंस म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

'उंची बरोबर आसा म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

'टाकी उजवीर घेतली म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

काय आवाज लागला होता! गोदामात घुमला. खाली माझ्या पायांशी झोपलेलं मांजर उठून गेलं.

देवगड मागे पडलं. आचऱ्यावरून जाताना मी मास्तरांना म्हटलं, 'तुमच्या अंगणात वाळत घातलेली सुकट दिसते हो.' मास्तर म्हणाले, 'तुम्ही समोर बघा.' पुन्हा तुम्ही. मालवणचा किल्ला आला. या खेळातल्या किल्ल्यात कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने तीन मजली इमारती उभ्या केल्या आहेत आणि प्रत्येकीला धुराडं आहे. एरवी मी यावर पाच मिनिटं बोललो असतो. पण घड्याळ पाच वाजून आठ मिनिटं दाखवत होतं. सगळं इतकं नीट चाललंय, म्हणजे काहीतरी राहिलंय. हा आमच्या मातीतला विचार आहे आणि तो सहसा चुकत नाही.

तारकर्लीवर इंजिन खोकलं.

एकदा. मग दोनदा. मग म्हातारा खोकून खोकून थकतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो, तसं ते गप्प झालं. पंखा समोर उभा राहिला, स्वच्छ, त्याची पाती मोजता येतील असा.

'इंजिन गेलं,' मी म्हटलं. धंद्याच्या माइकवर ते फारच मोठ्याने गेलं.

मग तिघंही एकदम बोलायला लागले. विमान खाली येत होतं आणि माझ्या कानात अख्खा मालवण तालुका वाट दाखवत होता.

'तिठ्याकडे वळा!'

'कसला तिठा, मास्तरानू? मी रस्त्यावर नाही, वर आहे!'

'मग देवळाचो कळस धरा आणि डावीकडे घेवा!'

'कळस नाही दिसत! ह्यात देऊळच नाही!'

'दादानू, दर्याकडे जाव नकात!' हा ताईंचा आवाज, जो घाटातही चढला नव्हता. 'खाडी धरा! खाडीच्या तोंडार या, थंयसून चिपीचो सडो समोर दिसता!'

खाडी होती. देव आणि कॉम्प्युटर दोघांनीही ती जागच्या जागी ठेवली होती. मी विमान देवबागच्या वाळूच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर आणलं. उंची बाराशे फूट. अकराशे.

तेव्हा अंकल बोलले. अगदी सावकाश, इंजिनरूममध्ये चाळीस वर्षं बोलले असतील तसे. 'टाकी बघ रे.'

'टाकी बदलली आहे, अंकल! तुम्हीच व्हय म्हाराजा म्हणालात!'

'मी म्हटलंय. पण मी माझ्या घरात बसलंय. माका हंयसून काय दिसतला?'

मी खाली बघितलं. बटण डावीकडे होतं. दोन हात, एकात दांडी, एकात माइक. बटण फिरवायला तिसरा हात देवाने दिलाच नव्हता, आणि गाऱ्हाण्यात होकार देणारा कधी बघत नसतो. त्याने फक्त म्हणायचं असतं. आमच्या पूर्वजांनी सगळी कामं देवावर सोडली, आम्ही बटणही त्याच्यावरच सोडलं होतं.

'मेल्या!' मास्तर ओरडले. 'शिरा पडो तुझ्या त्या माइकार! फिरव ता बटाण! बघतंस काय?'

मी माइक टाकला. तो टेबलावर पडल्याचा धडाका चौघांच्या कानात गेला. बटण उजवीकडे. सातशे फूट. सहाशे. चावी फिरवली. पंखा अर्धा वळला आणि थांबला. पुन्हा फिरवली. खाली खाडीचं पाणी इतकं जवळ आलं होतं की मला ताईंचे होडीवाले दिसतील की काय असं वाटलं. पाचशेला इंजिन गुरगुरलं आणि पेटलं.

आणि खरं सांगतो, त्या क्षणी भीतीने जीव जात असताना माझ्या मनात आलं ते असं: मास्तर मला मेल्या म्हणाले.

पण अजून उतरायचं होतं. मी समुद्रावर बाहेर जाऊन वळण घेतलं, पूर्वेला तोंड केलं. पाच वाजून एकवीस मिनिटं. समोर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आणि त्यावर काळी पट्टी. चाकांचा खटका खाली ओढला. आता शेवटचं गाऱ्हाणं. टाकलेला माइक टेबलावरून आवाज उचलत होता.

'चाकां खाली इली... म्हाराजा?'

कोणीही काही म्हणालं नाही.

आता खोटा होकार द्यायची कोणाची छाती नव्हती. तिघं आपापल्या घरी श्वास धरून बसलेले, आणि त्यांच्यामागे पुण्याचे पंच, सकाळपासून अवाक्षर न बोललेले. ही तीच शांतता होती, गेल्या वर्षीची, फक्त यंदा ती आधी आली होती.

चाकं नीट बाहेर आली की विमानात तीन हिरवे दिवे लागतात. हे माझ्या बायकोलाही ठाऊक आहे, कारण वर्षभर मी झोपेत बडबडत होतो म्हणे. आरडाओरडा ऐकून ती स्वयंपाकघरातून आली होती आणि माझ्या खुर्चीमागे उभी होती. हाताला बांगड्याच्या आमटीचं वाटण लागलेलं. तिला या खेळात कधीही रस नव्हता.

इथून पुढचं मी पुष्कळ ठिकाणी सांगितलं आहे. सलूनमध्ये, दोन लग्नांच्या मांडवांत, आणि बांगडे घेताना बाजारात. मी दिव्यांकडे एकच कटाक्ष टाकला, दांडी दोन बोटांत धरली, घारीची नजर धावपट्टीवर रोखली आणि विमान असं टेकवलं की बाळाला पाळण्यात ठेवावं. विमान टेकलं हे सगळ्यांना मान्य आहे. पाच वाजून चोवीस मिनिटांनी पंच म्हणाले, 'चौथा टप्पा पूर्ण. चारही टप्पे ग्राह्य धरण्यात येत आहेत. अभिनंदन.' नंबर पाचवा आला. ताई रडल्या आणि मग पाहुण्यांना चहा द्यायला पळाल्या. मास्तरांनी मला सलग मिनिटभर अशा काही शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येत नाहीत. त्या मी जपून ठेवल्या आहेत.

पण शर्यतीच्या नियमानुसार सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं, हे मी विसरलो होतो. गेल्या महिन्यात देवबागला ताईंच्या अंगणात आम्ही चौघं आपापल्या माणसांसह जेवायला जमलो. मी उभा राहून माझी घारीची नजर रंगवत होतो. मास्तर मोबाइल काढून बसले, आणि जेमतेम 'पाळण्यात' या शब्दापर्यंत मी पोचलो असेन तोच त्यांनी ध्वनिमुद्रण लावलं. माझा चिरका आवाज, 'चाकां खाली इली... म्हाराजा?' मग ती लांबलचक शांतता. मग, टेबलावर पडलेल्या त्या धंद्याच्या माइकवर, सबंध मालवणला ऐकू जाईल एवढा मोठा माझ्या बायकोचा आवाज:

'तीनय दिवे हिरवे आसत, पण तुमी डोळे कित्याक मिटल्यात?'