शेवटच्या ओळीखालची रेघ

गुरुजी गेले त्या सकाळी आमच्या आळीला नळ आला नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, सुनीलनं मुद्दाम व्हॉल्व्ह सोडला नाही. सुनील म्हणजे शांतवन गुरुजींचा मुलगा, ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर हंगामी कामाला. गुरुजींशी माझा अबोला चालू होता, म्हणून पोरगं आमचं पाणी तोडतंय, असं मी धरून चाललो. तरातरा टाकीकडं निघालो तर वाटेत पंचायतीचा शिपाई भेटला. "कुठं निघालात, रावसाहेब? गुरुजी गेले न्हाई का पहाटं," तो म्हणाला. हातात रिकामी बादली... तसाच उभा राहिलो. त्याला आता पाच आठवडे झाले.

गुरुजींनी मला चौथीला शिकवलं. पुढं मी ग्रामपंचायतीचा सदस्य झालो, ते रिटायर झाले आणि आमची दोस्ती जमली. ते मला अरे-तुरे करायचे, मी अहो-जाहो. तसा संशयी माणूस मी दुसरा बघितला नाही. माझ्यासाठी म्हैस बघायला घोडेगावच्या बाजारात आले, तर स्वतः धार काढून बघितल्याशिवाय दाव्याला हात लावू देईनात. विकणारा वैतागला. "गुरुजी, म्हस घ्यायची हाय का तिची परीक्षा घ्यायची हाय?" गुरुजी म्हणाले, "दोन्ही." चर्चमध्ये वर्गणी दिली तरी पावती वाचून घेणार. पाळक बिचारे हसायचे.

ग्रामसभेला ते पहिल्या रांगेत. पिशवीत शाळेतली लाकडी फूटपट्टी. आमच्याकडची रीत अशी, की सभा अर्ध्या तासात उरकायची आणि मग शिपायानं प्रोसिडिंग बुक घेऊन घरोघर सह्या गोळा करायच्या. पान कोरं, सह्या खाली, वरचा मजकूर ग्रामसेवक सवडीनं लिहिणार. सगळं गाव अशा सह्या करतं. गुरुजी मात्र ठराव समोर लिहून घ्यायचे, शेवटच्या ओळीला पट्टी लावून रेघ मारायचे आणि रेघेला चिकटून सही करायचे. मधे मुंगी शिरायला जागा नाही. शिपाई दारात दिसला की त्याला तसाच परत पाठवायचे.

आमचं गाव म्हणजे गाव फक्त कागदावर. बेलापूरच्या तोडीची पेठ, फॅक्टरीच्या रस्त्यानं कॉलन्याच कॉलन्या, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. नगरपंचायत करायची सरपंचाच्या गटाला भारी घाई. मलाही पटलं होतं. गटारं होतील, दिवे लागतील. गुरुजींना नाही पटलं.

"दिवे लागतील रे," ते म्हणायचे, "पण ग्रामसभा जाईल. आज वस्तीवरची भागाबाई उभी राहून सरपंचाला विचारते, माझ्याकडं पाणी का नाही. उद्या तिनं कुठं उभं राहायचं?"

"नगरसेवक असतो की."

"असतो. घरी नसतो."

आणि गेल्या उन्हाळ्यात बातमी आली की नगरपंचायतीचा ठराव मंजूर झाला, त्यावर गुरुजींची सही आहे. गावानं लगेच ताळा जुळवला. नगरपंचायत झाली की सुनील कायम होणार. म्हातारा पोरासाठी विकला गेला, असं चहाच्या टपरीवर लोक म्हणायला लागले. मीही म्हणालो. खोटं कशाला बोलू, सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणालो, कारण मला फार लागलं होतं. मी स्वतः नगरपंचायतीच्या बाजूचा, तरी या माणसानं तिकडं जावं हे मला सहन होईना. त्यांच्या घरी जाऊन विचारलं, "सुनीलचं पक्कं केलं का मग?"

ते म्हणाले, "सही माझीच आहे." एवढंच. चहा आला होता. मी तो न पिता उठलो. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

माती दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी सुनील आला. हातात ती फूटपट्टी. "पप्पा म्हणाले हुते, ही रावसाहेबाला दे."

"आणखी काय म्हणाले?"

"काय न्हाई."

टोमणा आहे, मी मनात म्हणालो. मेल्यावरसुद्धा गुरुजी वळ उठवतायत. पट्टी कपाटावर टाकून दिली.

मग नगरपंचायतीची जाहीर नोटीस लागली. हरकतींना महिन्याची मुदत. कोण जाणे का, ठरावाचं पान बघावंसं वाटलं. सदस्य आहे, बुक मागून घेतलं. गुरुजींची सही ओळखीची, थरथरती. वर नगरपंचायतीचा ठराव, ग्रामसेवकाच्या अक्षरात, दाटीवाटीनं बसवलेला. रेघ नव्हती. आणि सहीच्या खाली माझी सही.

ते पान मीच नेलं होतं! गेल्या उन्हाळ्यात ती बातमी यायच्या आधीची गोष्ट, गुरुजींचा पाय प्लॅस्टरमध्ये. ग्रामसेवक मला म्हणाला होता, "पाण्याच्या टाकीचा ठराव आहे, कोरम भरत नाही. गुरुजी शिपायाला उभं करत नाहीत, तुम्ही जा." मी गेलो. टाकीचं म्हणून सांगितलं, कोरं पान पुढं केलं. पट्टी समोरच्या फळीवर होती. "देऊ का?" मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "तू आणलंयस ना? मग राहू दे." टाकीचा ठराव त्या बुकात कुठंच नाही.

म्हणजे मी तावातावानं विचारायला गेलो, तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मला वाचवायला गप्प बसले? की मीही त्या फसवणुकीत सामील, असं धरून गप्प बसले? गुरुजींसारखा संशयी माणूस सामीलच धरणार. हा संशय आता मला जन्मभर पुरेल. विचारायला माणूस राहिला नाही.

मुदतीला चार दिवस आहेत. काल मी हरकत लिहिली. गुरुजींची सही कोऱ्या पानावर घेतली, ती मी घेतली, टाकीचा ठराव म्हणून घेतली, आणि गावाला ही फसवणूक आज कळवतो आहे, असं स्वच्छ लिहिलं. सदस्यत्व गेलं तर जाऊ दे. मग कपाटावरची पट्टी काढली, धूळ पुसली, शेवटच्या ओळीखाली लावली. पट्टी सरकली, रेघ जरा वाकडीच आली... तिला चिकटून मी सही केली.