काकूंचं स्वच्छ शेत

आमच्या काकूंच्या शेताला सगळे गचाळ म्हणायचे. धान्याच्या दोन ओळींमध्ये त्या तांदुळजा आणि घोळ या रानभाज्या मुद्दाम वाढू द्यायच्या. जमीन झाकलेली राहिली की ओल टिकते, हे त्यांचं म्हणणं. जुनं धान्य संपलेलं आणि नवं अजून कणसात, अशा ओढाताणीच्या दिवसांत बायका टोपल्या घेऊन यायच्या आणि लागेल तेवढा पाला खुडून न्यायच्या. नावं ठेवणाऱ्याही न्यायच्या, हे विशेष.

त्या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत काकू तापाने फणफणल्या. लेक आणि जावई धावत आले. जावईबापू मनाने चांगले, पण उत्साह उतू जाणारा. तण काढून काढूनच सासूबाई आजारी पडल्या, असं त्यांच्या मनाने घेतलं. मी शेजारीच राहणारी सख्खी पुतणी, पण मलाही न विचारता त्यांनी पंप पाठीला लावला आणि शेतभर तणनाशक मारून आले.

काकू उठून शेतावर गेल्या, तोवर पाला पिवळा पडून आडवा झाला होता. धान्य तेवढं उभं होतं.

"मामी, आता कंबर मोडून घ्यायला नको," जावईबापू म्हणाले.

"दमला असाल. पाणी घ्या," काकू एवढंच बोलल्या. लेकीच्या संसारापायी त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. माझा मात्र जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतली शिवणकाम करणारी आली. घरात तीन लेकरं, जमीन नाही. कडेला थोडा पाला हिरवा दिसला, तो तिने खुडला. काकूंनी तिच्या हातातली टोपली घेऊन पालथी केली.

"फवारलंय ते. पोरांना बाधेल."

"कोणी फवारलं?"

काकूंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. "मीच."

"मग सरळ येऊ नका म्हणायचं होतं, काकू."

ती रिकामी टोपली घेऊन गेली. संध्याकाळी काकूंनी माझ्याबरोबर तिच्याकडे पीठ पाठवलं. तिने दार उघडलं, डबा पाहिला आणि पुन्हा लावून घेतलं. मी डबा तसाच परत आणला. तेव्हा जावईबापू जेवायला बसले होते.

"मामी, तुमची ती पालेभाजी नाही केली आज?"

"संपली," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात मीठ वाढलं.