गॅरेजच्या दारात आडवा ट्रक

नवऱ्याची कंबर गेल्यावर ट्रक मी चालवू लागले. जुन्नरकडचा कांदा मंचरच्या बाजारात पोचवायचा, एवढंच काम. त्या हिवाळ्यात पहाटे गाडी चालू केली की बॅटरीचा लाल दिवा पेटायचा, इंजिनातून किंचाळल्यासारखा आवाज यायचा आणि थोडं पुढे गेलं की दोन्ही बंद. मंचरच्या मेकॅनिककडे पोचेपर्यंत ऊन चढलेलं. दिवा दिसायचाच नाही.

तिसऱ्या खेपेला त्याने शेजारच्या चहाच्या टपरीला ऐकू जाईल असं सुनावलं, "वहिनी, गाडीला काय बी झालं न्हाई. दिवा तुमच्या डोक्यात पेटतोय. घरी चुलीपुढं बसा."

टपरी हसली. माझा कांदा-व्यापारी शेठ तिथेच होता. तो हसला नाही, पण पुढचा माल दुसऱ्या गाडीला दिला. "ताई, शंकेच्या गाडीत माल कसा भरू?" मला दुसरा व्यापारी नव्हता.

कारण मीच शोधलं. फॅनचा पट्टा ढिला होता. थंडीत, दवात तो घसरायचा, बॅटरी चार्ज होत नसे. तापला की धरायचा. पान्याचं काम. पण मी पान्याला हात लावला नाही. गाडीआधी मला त्या मेकॅनिकला नीट करायचं होतं.

संध्याकाळी त्याच्या बंद गॅरेजच्या दारात ट्रक आडवा लावला, किल्ली चहावाल्याकडे दिली आणि एसटीने घरी आले. सकाळी पहिल्या एसटीने मंचर गाठलं आणि शेठला चहाला घेऊन टपरीवर बसले.

मेकॅनिक आला. "कुणाची गाडी ही? गिऱ्हाईक आत कसं यायचं?"

"माझी. काढा की, भाऊ."

चहावाल्याकडून किल्ली घेऊन तो चढला, ती फिरवली. पट्टा किंचाळला. टपरीवरचे उठून आले. शेठने खिडकीतून डोकावलं. "दिवा तर लाल हाय, राव."

"पट्टा ढिलाय," तो पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा. त्या दिवशी आवाज लई चांगला व्हता तुमचा."

त्याने मोठ्याने सांगितलं. "आता तूच बस चुलीपुढं!" कुणीतरी ओरडलं.

मेकॅनिकने पाना घेतला. लोखंड बर्फासारखं गार होतं. त्याची बोटं आखडली, तो टपरीपुढच्या शेकोटीकडे वळला.

"आधी पट्टा," मी म्हटलं.

पट्टा आवळला, इंजिन चालू केलं, दिवा विझला. शेठ म्हणाला, "दुपारी माल भरायला या, ताई."

"वहिनी, राग सोडा आता," मेकॅनिक म्हणाला. मी सोडला नाही. आजही कुणी ड्रायव्हर मंचरात गॅरेज विचारतो, तेव्हा मी या मेकॅनिकच्या समोरचं दुसरं गॅरेज दाखवते.