निवृत्तीनंतरचं लॉगिन

गंगापूर रोडवरच्या ज्या हॉस्पिटलात मी डेटाबेस सांभाळते, तिथे दुपारी तीनच्या सुमारास सगळं पाण्याखाली गेल्यासारखं होतं. ओपीडी संपलेली असते, सर्व्हरच्या खोलीत एसीची घरघर चालू असते आणि स्क्रीनवरच्या ओळी वाचता वाचता मी जागी आहे की झोपेत, तेच मला कळेनासं होतं. त्या हिवाळ्यात मी पेशंटची सगळी माहिती एन्क्रिप्ट करून घेतली होती. चोरानं अख्खा सर्व्हर उचलून नेला तरी त्याच्या हाती नुसती निरर्थक अक्षरं लागणार होती. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

मग कोणाला काय पाहायची परवानगी आहे, ते तपासायला बसले. आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की शाल-श्रीफळ देतात, फोटो काढतात, पण त्याचं लॉगिन बंद करत नाहीत. वडीलधाऱ्या माणसाचं नाव यादीतून खोडायचं कसं, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं, कबूल करते. अशी कितीतरी नावं यादीत निवांत पडून होती. एकच जागं होतं, रेकॉर्ड विभागातल्या ताईंचं. मला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. त्या रोज तीन वाजून दहा मिनिटांनी घरून लॉगिन करायच्या, एकच फाईल उघडायच्या, काहीही न बदलता थोड्या वेळानं बाहेर पडायच्या.

फाईल त्यांच्या मुलीची होती. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा ताईंनी तिच्याशी बोलणं टाकलं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. आता मुलीला दिवस गेले होते आणि ती तपासणीला आमच्याकडेच यायची. वजन, रक्तदाब, बाळाचे ठोके. त्या पेंगुळलेल्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोर यायचं, की ताई चष्मा पुसून ते आकडे वाचताहेत, पुन्हा वाचताहेत.

मी चार दिवस काहीच केलं नाही. लॉगिन बंद केलं तर ताईंना मुलीची खबर कळायची दुसरी वाट नव्हती. चालू ठेवलं, तर त्या मुलीनं डॉक्टरांना विश्वासानं सांगितलेलं सगळं, जिच्यापासून ती दूर गेली तिच्याच हातात रोज जात होतं. माझ्या कुलपांचा इथे काही उपयोग नव्हता. किल्ली आम्हीच देऊन ठेवली होती.

शेवटी फोन केला. "ताई, तुमचं लॉगिन बंद करावं लागेल."

त्या म्हणाल्या, "कर. नियम मीच शिकवलाय तुला. पण पुढच्या आठवड्यात तारीख आहे गं तिची. तेवढं होऊ दे."

मला रडू आलं आणि रागही आला. अहो, मग तिलाच फोन करा ना, असं ओरडावंसं वाटलं. पण एवढंच म्हटलं, "नाही जमणार, ताई."

त्याच दिवशी बंद केलं. दुसऱ्या दिवशी तीन दहाला स्क्रीनवर एक ओळ उमटली: प्रवेश नाकारला. तिसऱ्या दिवशीही उमटली. त्यानंतर नाही.

ज्याची फाईल अशी पाहिली गेली त्याला ते सांगायचं, असा आमच्याकडे नियम आहे. मुलगी बाळाला लस द्यायला आली तेव्हा मी तिला बाजूला बसवून तिची फाईल कोणी, कधी उघडली त्या नोंदींचा कागद दिला. चूक आमची आहे, असंही सांगितलं. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. ती एकेक ओळ वाचत गेली.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

"आता बंद केलंत ना?"

"केलं."

"बरं केलंत," ती म्हणाली. तिचा आवाज चिडलेलाच होता. तिनं कागदाची घडी घातली, दुपट्यांच्या पिशवीत नीट ठेवली आणि उठता उठता माझ्याकडे न बघता विचारलं, "आईचा नंबर अजून तोच आहे का?"