नकाशाच्या वाकळीतली ओल

भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. नांदेडच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, अंगारे-धुपारेवाल्यांशी भांडले. तरी हे लिहितेय, कारण आई आणि थोरली बहीण सुनंदा, दोघीही गेल्या. पाहिलेलं सांगणारी मीच उरलेय.

तेव्हा मी कॉलेजात होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलेली. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, आमचं गाव नेमकं नव्या हद्दीवर, औशाच्या पुढे. त्यात दुष्काळ. जुन्या जिल्ह्याचा टँकरवाला म्हणायचा, "तुमी आता लातूरचे." लातूरचा म्हणायचा, "तुमचं गाव अजून आमच्याकडं आलं न्हाई." दोघंही धुरळा उडवत जायचे... आम्ही घागरी घेऊन उभ्या!

शाळेतला जुन्या जिल्ह्याचा नकाशा आता बाद झाला होता. कापडावर छापलेला, चांगला दणकट. मास्तरांनी तो आईला देऊन टाकला. सुनंदा बाळंतपणाला आली होती. तिच्या लेकीसाठी आईने त्याची वाकळ शिवायला घेतली. नद्यांवर निळा दोरा, रस्त्यांवर काळा. आमचं गाव नकाशात नव्हतंच, म्हणून तिने तिथे एक तांबडं ठिगळ लावलं. म्हणाली, "हे आपलं घर."

वाकळीचं पोट रिकामं ठेवू नये, म्हणून शेवटच्या ठिगळाखाली भाकरीचा तुकडा घालायची आमच्याकडे रीत आहे. पीठ मळायला पाणी कुठलं? आईने त्या तांबड्या ठिगळाखाली चिमूटभर कोरडी ज्वारी घातली.

पुढे बाळाला हगवण लागली. बाबा बैलगाडी घेऊन पाण्याला गेलेले, परतले नव्हते. सुनंदाचं दूध आटलेलं. सकाळी वाकळ उचलली तर ते तांबडं ठिगळ ओलं!

"पोरीनं भिजवलं असंल," मी म्हणाले.

"कालपास्नं तिला लघवीच न्हाई गं," सुनंदा रडायला लागली.

आईने ठिगळ जिभेला लावलं. "पानी हाय... गोडं पानी."

मी जमीन चाचपली, छप्पर बघितलं. सगळं खडखडीत. आई मात्र पोरीच्या तोंडात थेंब थेंब पिळत होती आणि ठिगळ पुन्हा ओलं होत होतं.

शेजारच्या शेवंताकाकूंचं तान्हं पोरही तसंच मलूल पडलं होतं. आईने हाक मारली तशी काकू त्याला घेऊन धावत आल्या. आईने ठिगळ पिळलं... थेंब नाही! वाकळ त्यांच्या घरी नेली, तिथेही कोरडी. काकू रडत म्हणाल्या, "अक्का, माझ्याच लेकराला का न्हाई वं?"

आईने सुई घेतली, तांबड्या ठिगळाला लागून काकूंच्या जुन्या लुगड्याचं हिरवं ठिगळ लावायला बसली. खाली ज्वारी घातली. सुई मी ओवून दिली. दुपारपर्यंत ठिगळ लागलं, पण कोरडंच. दिवस मावळायच्या आत लेकरू गेलं. त्यानंतर बाबांची गाडी आली, पाणी घेऊन.

आमची पोरगी वाचली. आज तिला स्वतःची लेकरं आहेत.

ओल कुठून आली, मला माहीत नाही. त्या उन्हाळ्यानंतर वाकळ कधी ओली झाली नाही, आणि मी ती कधी धुतलीही नाही.

पण एक राहिलं. काकूंचं लेकरू गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला हाताला धरून वाकळीपाशी नेलं. हिरवं ठिगळ चिंब भिजलेलं होतं. आईने तोंडात पदर कोंबला.

शेवंताकाकूंना आम्ही हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.