न तपासलेली उंची

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. सवड नव्हती असं म्हणायचीही सोय नाही. कर्जतमध्ये राहणाऱ्या निवृत्त माणसाकडे सवडीशिवाय असतं काय?

मी एका फ्लाइंग क्लबात लहान विमानांतली रेडिओयंत्रं सांभाळायचो. त्यातलाच एक ट्रान्सपॉन्डर. जमिनीवरचं रडार विचारतं, कोण, किती उंचीवर? आणि हा पठ्ठ्या पायलटला न विचारता परस्पर उत्तर देतो: एक चार आकडी नंबर आणि उंची. गंमत म्हणजे ही उंची तो पायलटसमोरच्या काट्यावरून घेत नाही. हवेचा दाब मोजणारी वेगळी डबी असते, तिच्यावरून घेतो. डबी आणि काटा यांचं जुळतंय ना, हे बघणं माझं काम. विमान जागेवरच उभं करून पंपाने डबीला आणि काट्याला जोडलेल्या नळीतली हवा हळूहळू ओढायची. यंत्रांना वाटतं आपण वर चढतोय. दर हजार फुटांना थांबून दोन्ही आकडे लिहायचे. अर्धा दिवस मोडतो.

त्या दिवशी मी नवी डबी बसवली, जमिनीवरचे आकडे जुळले, आणि वरचे सगळे मनाने लिहून सही ठोकली. संध्याकाळी माझा निरोपसमारंभ होता ना! तिथे माझ्या काटेकोरपणावर तीन भाषणं झाली. मी मान खाली घालून ऐकली. लोकांना तो विनय वाटला.

पुढच्याच आठवड्यात क्लबातली शिकवणारी पायलट, खालापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, तेच विमान खोपोलीवरून नेत होती. रडारला ती ठरलेल्या उंचीच्या शेकडो फूट वर दिसली, थेट मोठ्या विमानांच्या वाटेत. चौकशीत ती एकच सांगत राहिली, "सर, माझा काटा बरोबर होता." समितीने मला बोलावलं.

"यंत्र तपासलं होतं?"

"हो."

एका शब्दाला इतकी किंमत मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. पुन्हा तपासायची तसदी कुणीच घेतली नाही. तिची नोकरी गेली.

काही महिन्यांनी माझ्या जागी आलेल्याचा फोन आला. "काका, ती डबी वर गेलं की चुकते. गुपचूप बदलली. उगाच तुमचं नाव कशाला खराब करा?" किती समजूतदार पिढी!

गेल्या महिन्यात तिच्या घरी गेलो. ती आता गणिताच्या शिकवण्या घेते. ओटीवर वडील बसले होते. "तुमी क्लबातले ना? मंग तुमीच सांगा, माझी पोर खोटं बोलनारी हाय का?"

"अण्णा, पुरे ना आता," ती आतून म्हणाली. "काका, चहा घेणार?"

घेतला. दुसरा कपही घेतला. घाटातल्या ट्रॅफिकवर अधिकारवाणीने बोललो. फाटकाशी तिने विचारलं, "काही काम होतं का, काका?"

"छे, सहज आलो."

घरून पाठ करून नेलं होतं ते एवढंच: पोरी, तुझा काटा बरोबर होता. मी तपासलंच नव्हतं, आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो. मला माफ कर.